आवक नंबर

ढवळे आप्पा कुणाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. शिरूरच्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात मी कंत्राटी कारकून म्हणून लागले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाव?" मी मांडवगण फराटा म्हटलं. झालं, मी मांडवगण. कॉम्प्युटरचं काम बघणारा सलीम रोज दौंडहून यायचा, म्हणून तो दौंड. "कंत्राटी माणसाला नाव कशाला? गाव पुरं हाय. कायम झाला की मारू नावानं हाक," असं ते सांगत. आम्ही हसायचो. हेडक्लार्कच्या विनोदाला हसावंच लागतं.

आवक रजिस्टर हा त्यांचा जीव की प्राण. "नंबर पडल्याबिगर कागद जन्मत न्हाई," हे त्यांचं वाक्य. आमच्या शिपायाची आई गेली, त्यानं रजेचा अर्ज आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो नंबर न टाकता तसाच ड्रॉवरमध्ये ठेवला. दहावा करून शिपाई परत आला तर रजा बिनपगारी झालेली. "अर्ज व्हता? मग नंबर सांग की," आप्पा शांतपणे म्हणाले. आवाज त्यांनी कधीच चढवला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

ऑफिसात कॉम्प्युटर एकच. पगाराचा जुना प्रोग्राम विंडोजशिवाय चालत नव्हता आणि विंडोजला सारखा व्हायरस लागायचा, म्हणून सलीमनं त्याच मशीनमध्ये लिनक्स नावाची दुसरी सिस्टीमही घातली. चालू केलं की मशीन विचारायचं, कुठल्या बाजूनं जायचं? आप्पा विंडोजमधून जात, आम्ही बाकीचे लिनक्समधून. ऑफिसचा ईमेल मात्र एकच. सलीमनं दोन्ही बाजूंना तो असा लावला होता की पत्र दोन्हीकडे दिसावं; त्यासाठी दोन्हीकडे 'प्रत सर्व्हरवर ठेवा' या चौकटीत बरोबरची खूण केली होती. "आप्पा, ही खूण तेवढी काढू नका," त्यानं प्राचार्यांसमोर, आम्हा सगळ्यांदेखत बजावलं. "काढली तर जो आधी उघडंल त्याच्याकडं मेल जाईल, आन् दुसऱ्या बाजूला काहीच दिसणार न्हाई."

प्राचार्यांसमोर कुणी शिकवलेलं आप्पांना चालत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या बाजूची खूण काढली आणि विंडोजला पासवर्ड घातला.

सलीम सहा वर्षं कंत्राटी होता. कायम होण्यासाठी त्याचा अर्ज संस्थेच्या पुण्याच्या मुख्य ऑफिसला गेला होता. उत्तर नियमाप्रमाणे आमच्याच ईमेलवर येणार होतं. एका सकाळी मी आप्पांच्या टेबलावर सह्यांची फाइल ठेवायला गेले, तेव्हा ते पत्र स्क्रीनवर उघडं होतं. सलीमचं नाव, मूळ कागदपत्रं घेऊन सात दिवसांत हजर राहावं, सगळं मी वाचलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मशीन बंद केलं.

सलीम रोज लिनक्स उघडून बघायचा. दहाव्या दिवशी त्यानं पुण्याला फोन केला. तिकडून उत्तर आलं, कळवलं होतं, तुम्ही आला नाहीत, आता मुदत संपली. तो आप्पांच्या टेबलापाशी गेला.

"आप्पा, तुमच्या बाजूनं एकदा बघा ना."

"आलं असतं तर नंबर पडला असता," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मांडवगण, तुम्ही काय बघितलं का?"

"न्हाई, आप्पा," मी म्हणाले.

सलीम त्या महिन्यात नोकरी सोडून गेला. चार महिन्यांनी मी कायम झाले आणि आप्पांनी मला पहिल्यांदा "सुनंदाबाई" म्हटलं. लाज वाटायला हवी होती. मी पेढे वाटले.

पाच वर्षांनी आप्पांची निवृत्ती आली. त्यांना वर्षाची मुदतवाढ हवी होती. घरी बसून रजिस्टर कुणाचं भरणार? पुण्याला फोन करणं त्यांना कमीपणाचं वाटे, म्हणून ते मेलची वाट बघत राहिले. मी लिनक्सच्या बाजूची खूण काढली आणि रोज त्यांच्याआधी अर्धा तास येऊन मेल उघडू लागले. मेल आला: मुदतवाढ मंजूर, आठ दिवसांत संमती कळवावी, न कळवल्यास नकार समजला जाईल. तो माझ्याच बाजूला राहिला.

"सुनंदाबाई, काही आलं का?" आप्पा रोज विचारत. शेवटीशेवटी दिवसातून तीनदा, आणि आवाज मऊ.

"आलं असतं तर नंबर पडला असता, आप्पा."

खोटं कशाला बोलू, मला गोड लागत होतं.

निरोप समारंभात प्राचार्यांनी शाल घातली आणि म्हणाले, "आप्पांनी मुदतवाढ नाकारून तरुणांना वाट करून दिली." टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पा नारळ हातात घेऊन उभेच राहिले. नंतर मला दाराशी गाठून त्यांनी हळूच विचारलं, "कुठल्या बाजूला आलं व्हतं?"

"माझ्या."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, उलट पहिल्यांदाच कौतुकानं बघितलं. "शिकलात, मांडवगण," म्हणाले आणि गेले.

पुढच्याच रविवारी मी दौंडला गेले. स्टेशनजवळ सलीमचं मोबाइल दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. त्यानं स्टूल दिलं, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. शाल, टाळ्या, आप्पांचं तोंड. तो हसेल असं मला वाटलं होतं. तो एका फोनचं झाकण उघडत ऐकत होता. मग त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"ताई, खुणेचं तुम्हाला पहिल्यापासनं ठाऊक व्हतं. मग माझा मेल तवा तुम्ही बघितला व्हता का?"

चहा आला होता. मी कप उचलला नाही.

"व्हय," मी म्हणाले.

त्यानं झाकण बंद केलं आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "बोला, तुमचं काय हाय?"