मामाच्या चपला आणि डांबर

मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर वितळून वास सुटला, की मला मामाच्या चपला आठवतात. लहानपणी एका सुट्टीत मी नागपूरला मामाकडे होते. मामेबहिणीला एका इंग्रजी मासिकात चाकांच्या फळीसकट हवेत उडालेल्या पोराचा फोटो दिसला. तो पडत कसा नाही, हे तिनं लगेच सांगितलं, "चिकटवलेले राहते वं त्याचे पाय. म्हणून तर एवढे मोठे बूट." मग आम्ही बेरिंगची चाकं लावलेल्या फळीवर रस्त्यावरचं मऊ डांबर थापलं, त्यावर मामाच्या ठेवणीतल्या चपला दाबून बसवल्या आणि त्यांत पाय घालून ती उतारावरून सुटली. फळी दगडाला अडली. चपला जागच्या हलल्या नाहीत, ती मात्र मेंदीच्या कुंपणात जाऊन पडली. संध्याकाळी कामठीच्या लग्नाला निघालेल्या मामानं चप्पल उचलली, तर चाकांसकट फळीच वर आली. "आता असाच जाऊ काय वं मांडवात?" त्यानं विचारलं. गुडघ्यांना हळद लावून बसलेली मामेबहीण म्हणाली, "पण चपला पडल्या काय, बाबा? मलेच चिकटवाचं राहिलं." आता माझा नातू तसल्याच फळीवर अंगणात उड्या मारतो. घरचे टाळ्या वाजवतात. मी मात्र त्याला आधी बुटांचे तळवे दाखवायला लावते.