खसखशीची पुडी आणि गावाची तोंडं

भाचीला परदेशात तुरुंगात टाकलंय, ही खबर मला लातुरात पिठाच्या गिरणीत मिळाली. शेजारीण माझ्या कानाशी लागली. गिरणीच्या आवाजात कानाशी लागायचं म्हणजे ओरडावंच लागतं, त्यामुळे ज्वारी घेऊन उभ्या असलेल्या सगळ्यांनाच ती मिळाली.

"मावशी, नांदेडची ती पळणारी पोरगी तुमच्या बहिणीचीच ना? बॅगेत ड्रग्ज सापडले म्हणं. टीव्हीवर दाखवून राहिलेत."

"बहिणीचीच हाय," मी म्हणाले आणि गिरणीवाल्याला सांगितलं, "बारीक दळ रे, मागच्या खेपेला भाकरी चिरल्या."

याला कुणी धीर म्हणू नये. डोकं बंद पडलं की माणूस हातातलं काम करत राहतो, एवढंच. घरी येऊन बहिणीला फोन लावला, तिनं उचलला नाही. पुन्हा लावला तर बंद. मग पीठ तसंच ठेवलं, पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि नांदेडची एसटी धरली.

बहीण आमच्यातलं शेंडेफळ. आई लवकर गेली, तिला मीच कडेवर वागवलं. म्हणून ती मला अक्का म्हणते आणि अजून माझ्यापुढं तिला खोटं बोलता येत नाही. तिचा नवरा गेला तेव्हा पोर लहान होती. अंगणवाडीत काम करून तिनं तिला वाढवलं, आणि ती पोर लांब पल्ल्याची धावपटू निघाली. पदक मिळालं तेव्हा गल्लीच्या तोंडावर भला मोठा फ्लेक्स लागला होता, 'आमच्या गल्लीची शान'. खाली मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो, पोरीच्या फोटोहून मोठा. आता ती संघाबरोबर आखातातल्या एका देशात शर्यतीला गेली होती आणि मैदान दिसायच्या आधी विमानतळावरच अडकली.

धावणं आमच्या रक्तातच आहे, असं मी सासरी येऊन कित्येक वर्षं सांगत असे. खरी गोष्ट अशी की नांदेडच्या शाळेत मी एकदाच शर्यतीत उतरले. निम्म्यात वेणीची रिबीन सुटली, ती मी थांबून नीट बांधली, आणि मान वर केली तर शर्यत संपलेली. त्यावर ती पोरगी, म्हणजे तेव्हाची मी, ढसाढसा रडली. हरली म्हणून नव्हे बरं का. रिबिनीचा फुगा एका बाजूला कलला होता आणि सगळी शाळा बघत होती म्हणून. सगळं जग आपल्याकडंच बघतंय अशी तिची पक्की समजूत. लग्न होऊन लातूरला आली, तर पहिल्याच सणाला तिची पुरणपोळी फाटली. कुणीतरी फिसकन हसलं. पुढं कित्येक दिवस बया नळावर पदर ओढून जायची, जशी काही हिची पोळी तहसील कचेरीत दाखल झाली होती. 'लोक काय म्हणतील' याच्यावर तिनं निम्मी उमर काढली. आता लोक काय म्हणतात ते मला पाठ झालंय. तेच ते म्हणतात. राग येत नाही, शीण येतो.

बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर दोन बाप्ये बसले होते, एक औशाचा, एक जळकोटचा. अहमदपूर गेलं आणि त्यांचं सुरू झालं.

"असल्या पोरींना भाइर धाडायलाच न्हाई पाहिजे. पैशाची चटक, दुसरं काय."

"पावडर हुती म्हणं. किलोभर."

"मी तर ऐकलं पोतं हुतं."

मला राहवलं नाही. मी मागं वळले. "हाव बाबा, पोतंच. आन् तिची एक मावशी हाय म्हणं लातूरला, तीच सगळ्यांची म्होरकी. म्हातारी दिसायला गरीब, पर लई बदमाश."

"बघा!" औशाचा म्हणाला. "मला वाटलंच हुतं, घरातलंच कुणीतरी असणार."

लोह्याला उतरताना त्यानं जळकोटवाल्याला बजावलं, "आधी त्या मावशीला धरलं पाहिजे." मला हसू आलं, पण तोंडापर्यंत पोचलं नाही. नांदेड येईस्तोवर मी खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसले.

गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स नव्हता. नुसती बांबूची चौकट उभी. अध्यक्ष तिथंच पानटपरीवर होता.

"वाऱ्यानं पडला, मावशी," तो म्हणाला.

"वारा मोठा शहाणा म्हणायचा," मी म्हणाले. "दोऱ्या सोडून, वेटोळं करून ठेवून गेला."

बहिणीनं माझा आवाज ऐकून दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं. चूल, म्हणजे गॅस, सकाळपासून पेटला नव्हता. मी पाणी प्याले, तिला पाजलं. मग ती दुखरे गुडघे धरत ओट्याला पाठ लावून खाली बसली आणि म्हणाली, "अक्का, मीच घातली."

"काय घातलंस?"

"खसखस."

आमच्या घरची ती रीत. खसखस भाजायची, खारकेबरोबर कुटायची, चिमूटभर वेलदोडा घालायचा आणि झोपताना दुधातून घ्यायची. थकल्या अंगाला झोप लागते. आमची आई द्यायची, मी माझ्या लेकरांना परीक्षेच्या दिवसांत दिली, सुनेला बाळंतपणात दिली. कोणत्याही किराणा दुकानात मिळणारी वस्तू. त्या देशात तिच्यावर बंदी आहे, ती बाळगली तर कैद होते, हे ना बहिणीला ठाऊक, ना मला. पोरीलाही ठाऊक नव्हतं. पण संघाबरोबर जाणाऱ्या तिच्या सरांची ताकीद होती की घरचं खाणंपिणं काही आणायचं नाही. तिनं पुडी बॅगेतून काढून ओट्यावर ठेवली. बहिणीनं परत घातली. तिनं परत काढली. शेवटी रिक्षा दारात आली, पोर देवाला नमस्कार करायला वळली, आणि तेवढ्यात बहिणीनं पुडी टॉवेलात गुंडाळून टॉवेल तळाशी बुटांखाली दाबला.

"लई वेळा नको म्हणली, अक्का. मी लपवून घातली. आता सरांचा फोन आला, तिकडले इचारून राहिलेत, औषधपाण्याची वस्तू हुती तर लपवली कशाला." मग तिनं माझा हात धरला. "ती मला माफ करंल का गं?"

पोरगी सुटेल का, हे विचारायला मी तिथवर आले होते. तिला मात्र वेगळंच खात होतं. सुटणार हे तिनं मनाशी धरूनच टाकलं होतं. सुटून आलेली पोर आपल्याशी बोलणार की नाही, एवढ्यावरच तिचा जीव टांगलेला.

"करंल की," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पहिल्या आठवड्यात गल्लीनं बहिणीला वाळीत टाकलं असं म्हणता येणार नाही. तेवढी मेहनत कुणी घेत नाही. फक्त अंगणवाडीत बाया लेकरांना घ्यायला लवकर येऊ लागल्या आणि तिनं शिजवलेली खिचडी त्यांना खाऊ देईनात. पातेलं भरलेलं तसंच राहायचं. एक जण तर तोंडावरच म्हणाली, "बाई, वाईट नका मानू, पर काय घातलंय कुणाला माहीत." बहीण वाईट मानायच्याही पलीकडं गेली होती. ती पातेलं घासून पालथं घालायची आणि घरी यायची. माझ्यातली ती नळावर पदर ओढणारी बया अशा वेळी विहीर शोधत गेली असती. मी आपली दारात खुर्ची टाकून शेंगा फोडत बसायची. आत डोकावणाऱ्याला विचारायची, "काय बाबा, पोतं बघायचंय का?"

मग सरांनी तिकडून पत्रकारांना सांगितलं की पुडीत खसखस होती, आणि एका दिवसात वारं फिरलं. पेपरवाल्यांना तर मथळ्यासाठी डोकंसुद्धा खाजवावं लागलं नाही. बांबूच्या चौकटीवर नवा फ्लेक्स आला, 'आमच्या लेकीला न्याय द्या', अध्यक्षाचा फोटो त्याच जागी, त्याच मापाचा. कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघाला. बाया ताटात खसखस घेऊन चालल्या, निम्मी रस्त्यावर सांडली आणि कबुतरांची चैन झाली. बहिणीनं यावं म्हणून अध्यक्ष स्वतः दारात आला.

"माउली, तुम्ही नुसतं पुढं उभं राहायचं. बोलायचं आम्ही बगतो."

"मला बरं न्हाई," ती म्हणाली.

बरं नसणारच. कारण वारं फिरलं ते पोरीवरून आईवर आलं. मोबाइलवर कुणीतरी गमतीचा व्हिडिओ काढला, एक अडाणी बाई पोराच्या बॅगेत आख्खं किराणा दुकान भरतीये असा. लोक पोट धरून हसले. गल्लीत कुणी कुणाला म्हणालं, "दुश्मनाची काय गरज हाय, आईनंच पोरीला जेलात घातली." मी घरात टीव्ही लावू देत नव्हते, पण गल्लीला कुठं बटण असतं? ते वाक्य बहिणीनं ऐकलं आणि मान डोलावली, कुणी हिशोबातली चूक दाखवावी आणि आपल्याला ती पटावी तशी. इतके दिवस लोक खोटं बोलत होते ते तिनं सोसलं. हे खरं होतं, ते तिला लागलं.

तिकडच्या वकिलानं व्हिडिओ कॉल मागितला. बाजूला एक दुभाषी होता, हिंदी बोलणारा. मी फोन धरून उभी राहिले. वकिलाला बघायचं होतं, पुडी बॅगेत नेमकी कशी गेली. बहिणीनं टॉवेल आणला, जिरं बांधून एक पुडी केली आणि जिवाच्या आकांतानं गुंडाळून दाखवली. अशी, मग अशी, मग वर बूट.

"लडकी को मालूम था?" दुभाष्यानं विचारलं.

"नहीं साब. वो तो नको बोली थी."

"नको बोली थी तो क्यों दिया?"

बहीण गोंधळली. हा प्रश्न तिला आयुष्यात कुणी केला नव्हता. "नको बोलने की उस की आदत हय," ती म्हणाली.

दुभाष्यानं ते वकिलाला कसं सांगितलं देव जाणे, पण फोनमधला तो कोट घातलेला माणूस पहिल्यांदाच हसला. मला वाटतं त्यालाही आई असावी.

न्यायाधीशांनी मानलं की माल विकायचा नव्हता आणि पोरीला त्याची खबर नव्हती. तोवर शर्यत होऊन गेली होती. दुसऱ्या संघाच्या कुणीतरी पदकं नेली होती. पोरीला मायदेशी धाडून दिलं. सुटल्यावर तिनं फोन मलाच केला, आईला नाही. "मावशी, मला गल्लीत जायचं न्हाई. ढोलबिल असतील तिथं."

ढोल होतेच. अध्यक्षानं गुलालाची पोती आणून ठेवली होती. मी त्याला सांगितलं, पोर सकाळच्या गाडीनं नांदेडच्या स्टेशनावर उतरतीये. तो मंडळासकट, फेटे बांधून, उन्हात उभा राहिला. तोवर पोर हैदराबादहून उदगीरमार्गे लातूरला माझ्या घरी पोचून, अंघोळ करून झोपली होती. बहीण आदल्या दिवशीच माझ्याबरोबर आली होती. या वयात खोटं बोलायला मजा येते. फक्त नंतर पहिल्यासारखी हुशारी राहत नाही, पाय दुखतात.

पोरगी आईशी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ताट पुढं केलं की जेवायची, विचारलं तर हूं म्हणायची, आणि पहाटे उठून औसा रोडकडं धावायला जायची. इथं तिला कुणी ओळखत नव्हतं. बहीण दारात उभी राहायची, ती परत दिसली की आत वळायची, वाट बघत होतो हे कळू नये म्हणून. मी दोघींच्या मधे बसून थकले. एकीला सांगावं धीर धर, दुसरीला सांगावं आईच हाय ती. दोघीही हूं म्हणायच्या.

एकदा मी भाजी निवडत होते, बहीण कपडे घड्या घालत होती. पोर आली, समोर बसली.

"तिथं एक बाई हुती माझ्या खोलीत," ती म्हणाली. "तिची भाषा मला येत नव्हती. रोज इचारायची, खुणेनं, तू काय केलंस. मला सांगता येईना. काय सांगणार? मी नको म्हणलं हुतं, हे खुणेनं कसं सांगत्यात?"

बहिणीच्या हातातली घडी मोडली.

"मी नको म्हणते तवा मला नको असतं, आई."

"हाव," बहीण म्हणाली. रडली नाही, हात जोडले नाहीत. "हाव. खरं हाय."

तेवढंच. मी मेथीच्या जुडीत तोंड घालून बसले, नाहीतर माझी जीभ मधे पडली असती.

पुढं पोरीला सरावाच्या शिबिराला पुण्याला बोलावलं. पेपरात दोन ओळी आल्या, कुणी वाचल्या असतील असं वाटत नाही. गावाला तोवर दुसऱ्या कोणाचीतरी बातमी मिळाली होती. निघायच्या दिवशी ती बाहेरच्या खोलीत बॅग भरत बसली. बहीण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबली, दोन्ही हात पाठीमागं. एकदा तिचा हात पुढं आलेला मी बघितला. मी मनगट धरायच्या आत तिनंच परत मागं घेतला.

पोरीनं चेन ओढायच्या आधी वर, आईकडं बघितलं. "काय राह्यलं का बघ गं."

बहीण जागची हलली नाही. तिथूनच मान लांब करून बॅगेत बघितलं. "कंगवा," ती म्हणाली, अगदी हळू.

"मग आण की."

संधिवातानं गुडघे धरून चालणारी माझी बहीण आतल्या खोलीत कंगवा आणायला गेली, आणि जाताना दाराला खांदा आपटला तरी थांबली नाही.