तासाभराची भरती

कुंदाच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी नागपुरात, बेसाच्या भाजीबाजारात वांगी निवडत होते. "मावशी, आईंना अटॅक आला... राहिल्या नाहीत." तरी मी अर्धा किलो वांगी तोलून घेतली. आज पाच आठवडे झाले, त्या वांग्यांचा राग अजून जात नाही.

आम्ही दोघी कामठीच्या एकाच गल्लीतल्या. पुढे तिने जरीपटक्यात चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. ती बसली की बसली. माझ्या मात्र पायाला भिंगरी. दोन हिवाळ्यांमागे तिला मीच ओढून कोकणात नेलं. समुद्राकाठी एक कौलारू घर, मालकीणबाई चार खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, जेवण घरचंच. सकाळी उठलो तर पाणी पार माडांपर्यंत आलेलं. जेवून पाहतो तर समुद्र दूर गेलेला. कुंदाने धुतलेली साडी खुशाल त्या कोरड्या वाळूवर पसरली. आमची तळी जागची हलत नाहीत, आम्हाला काय ठाऊक! मी तर रिक्षा सांगून ठेवली होती, किल्ला पाहायला.

"मी नाई येत वं. इथंच बसते," ती म्हणाली.

"बसायले नागपूर काय कमी होतं?" म्हणत मी तिला नेलंच.

दिवेलागणीला परतलो तर पाणी पुन्हा माडांशी, साडी गायब. मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, भरतीच्या वाटेत कुणी साडी वाळत घालतं का?"

"साडीचं जाऊ द्या," कुंदा म्हणाली. "पण तो समुद्र परत कसा आला, ते पाह्याचं राहूनच गेलं ना..."

दुसऱ्या दिवशी मी तिला देऊळ दाखवलं, मग जेट्टी. तिसऱ्या दिवशी परतीची गाडी. गाडीत ती एवढंच म्हणाली, "पुढच्या खेपेले मले काईच दाखवू नको." मी हो म्हटलं. मग गेल्या हिवाळ्यात घर रंगवायला काढलं, पाहुणे आले, जाणं राहिलं. अडचणी सगळ्या माझ्याच होत्या.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी गेले. शिलाई मशीनच्या वर कॅलेंडर, त्यात येत्या डिसेंबरच्या दोन तारखांना पेन्सिलीने गोल, शेजारी वेळा लिहिलेल्या. सुनेला विचारलं.

"कोकणातल्या बाईंना फोन करून आईंनी लिहून घेतल्या. सकाळच्या चहानंतर तासाभरात पाणी माडापर्यंत येते, ते दिवस हायेत. म्हणत होत्या, दुपारभर बसणं मावशीच्यानं होणार नाही, तिले काहून तरास द्यायचा..."

चहा न घेताच मी उठले. दारातून परत वळून ते कॅलेंडर मागून घेतलं. आता ते माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्या तारखांना मी एकीसाठी खोली सांगितली आहे. तासभर एका जागी बसवेल की नाही, देव जाणे.