बर्फातल्या शेवया

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, भावाला तर नाहीच. दर वर्षी ईस्टरच्या आधी फादरांपुढे पापनिवेदनाला बसते, तेव्हा बाकीचं सगळं सांगून होतं — आणि हे राहतं. विसरते म्हणून नाही. मी विसरणाऱ्यांतली नाही. वेस्टमीडला हॉस्पिटलात ऑपरेशनांचं वेळापत्रक मी लावते; घरी फ्रिजवर आठवड्याच्या कामांची यादी असते, काम झालं की त्यावर रेघ. यावर रेघ कशी मारायची ते मात्र कळलेलं नाही. तुम्हाला तरी का सांगतेय, तेही नीटसं माहीत नाही.

मम्मी गेल्यानंतरच्या जानेवारीत डॅडी वसईहून आमच्याकडे आले होते. इथे, दक्षिण गोलार्धात, जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. त्या दिवशी सकाळी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भराभर इंग्रजीत बोलत होत्या आणि डॅडी माझ्या तोंडाकडे बघत होते. सगळं ठीक निघालं. बाहेर आलो तर उन्हात तापलेल्या स्टिअरिंगला हात लावता येईना. घरी जाऊन स्वयंपाक कोण करणार — म्हणून मी गाडी एका साध्याशा कोरियन हॉटेलाकडे वळवली. उन्हाळ्यात तिथे थंड नूडल्स मिळतात.

स्टीलच्या मोठ्या वाडग्यात बारीक, काळपट नूडल्स, वर काकडी, अर्धं उकडलेलं अंडं, आणि आंबटसर पातळ रस्सा — त्यात बर्फाचा चुरा. डॅडी वाकून बघत राहिले.

"बाय, बर्फातल्या शेवया? हे लोक चुलीवर ठेवायलाच विसरले वाटतं."

वाढणाऱ्या बाईने कात्रीने नूडल्स कापून दिल्या, तेव्हा ते हसले. मम्मी गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं — की पाहिलं होतं? आता खात्रीने सांगता येत नाही.

मग त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला. भुरका — लांब, मोठा, थांबून पुन्हा एक. डोळे मिटलेले. हनुवटीवरून रस्सा शर्टावर.

आणि डॅडींच्या मागच्या टेबलावर हॉस्पिटलातल्या माझ्या विभागातल्या दोघीजणी बसल्या होत्या.

मी हात पुढे करून वाडगा खाली घेतला. म्हटलं, "डॅडी, थंड नको. डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. उलट, उन्हाचे दिवस आहेत, त्यांना भरपूर प्यायला द्या, असं म्हणाल्या होत्या.

का बोलले मी तसं? लाज वाटली? पण शेजारच्या टेबलावरचे कोरियन आजोबाही वाडगा तोंडाला लावूनच पीत होते, आणि त्या दोघींनी मान वर करून पाहिलंही नाही. पार्किंगची वेळ संपत आली होती म्हणून? दमले होते म्हणून? मी एकेक कारण हातात घेऊन बघते. प्रत्येक थोडं थोडं खरं वाटतं, एकही पुरत नाही. मला आधी शर्टावरचा डाग दिसला की त्या दोघी — हेही आठवत नाही.

"कधीच नको?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नकोच."

त्यांनी वाडगा स्वतःच माझ्याकडे सरकवला. वाया जाऊ नये म्हणून मी तो संपवला. चांगला होता.

दुसऱ्या दिवशी खरं सांगता आलं असतं. त्यानंतरही. ते आणखी महिनाभर होते, आणि त्या उकाड्यात नळाचं कोमट पाणी पीत होते. फ्रिजमधल्या बाटलीला त्यांनी हात लावला नाही. मी ते बघत होते. निघताना त्यांच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरून दिल्या, डबीवर नावही घातलं. मग हे तेवढं का नाही सांगितलं?

पुढे डॅडी गेले आणि मी वसईला पोचले. माझा भाऊ ऑल्विन पडवीत बसून सांगत होता — शेवटचा उन्हाळा फार कठीण गेला. ताडगोळे म्हणजे डॅडींचा जीव. तो आणून फ्रिजमध्ये गार करून द्यायचा आणि ते बशी परत करायचे.

"म्हणायचे, बायने तिकडच्या डॉक्टरला विचारून घेतलंय. इतकं कडक होतं का गं ते?"

त्याने सहज विचारलं होतं. खरं बोलायला याहून सोपी वेळ आली नसती.

"हो," मी म्हटलं. "डॉक्टरच म्हणाल्या होत्या."