तेलाची तार

इंजिन ऑइल किती दाट आहे ते मी पाकाची तार बघावी तसं चिमटीत धरून पाहिलं, आणि सवयीने बोट जिभेलाही लावलं! आमच्या म्हाताऱ्या गाडीला कंपनीने दोन तेलं चालतील म्हटलंय. त्यातलं दाट मी यंदा निवडलं. पातळ तेलावर घाट चढताना इंजिन खडखडायचं, आणि सासूबाई घाटापलीकडे एकट्या राहतात.

आज गाडी न कुरकुरता वर आली. मी बॉनेट थोपटलं. शेजारी उभ्या बायकोला म्हटलं, “संसारातही दोघांमधली झीज कुणीतरी मुकाट्याने भरून काढतं. आपल्यात ते दाट तेल तू.”

“दाट म्हणालात, जाड नाही, म्हणून सोडते,” ही म्हणाली. “आणि आई लाडवांचा पाक करत असेल, त्याची तार मी बघेन.”