ब्रेकबाईंचे इंजिन

माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरलेले नाही. मी तिला ताई म्हणतो आणि बाकीचे शहर ब्रेकबाई. ही पदवी तिने स्वकष्टाने मिळवलेली आहे. ती मोटार चालवायला शिकवते. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच बसवलेले आहेत. परिणामी दुसऱ्या कोणाच्याही गाडीत ती शेजारी बसली, की चौक दिसताच तिचा पाय तिथे नसलेल्या ब्रेकवर दाणकन आपटतो. माझ्या गाडीतल्या त्या बाजूच्या चटईला भोक पडले आहे. त्याची भरपाई कोणाकडे मागावी, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

एरवी भरपाई मागण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मी कायद्याची पदवी घेतली, वकिली मात्र केली नाही. तरीही पाणीपुरवठा खाते, दूरध्वनी कंपनी, बँक आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला यांपैकी कोणीही माझ्या लेखी तक्रारीला मुकलेले नाही. उत्तरे येतात, न्याय येत नाही. ‘आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे’ याहून निर्लज्ज वाक्य आपल्या भाषेत दुसरे नसावे.

ताईचा स्वभाव याच्या नेमका उलटा. पूर्वी ती टंकलेखनाचे वर्ग घ्यायची. संगणक आले, वर्ग ओस पडले, आणि ज्या वयात माणसे एकमेकांना गुडघ्यांची हकिगत सांगू लागतात त्या वयात तिने एक गाडी घेऊन नवी शाळा काढली. धंदा बदलला, शिकवण्याची पद्धत बदलली नाही. ‘बोटांकडे बघायचं नाही’ याचे ‘गिअरकडे बघायचं नाही’ झाले. जे करायचे ते मोठ्याने म्हणत करायचे, हा वर्गातला नियम जसाच्या तसा गाडीत आला. टंकलेखनयंत्रांवरच्या निळ्या आच्छादनांचे तिने फडके कापले, आणि ती संपल्यावर तसलेच निळे कापड शोधून आणले. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एक फडका मिळतो. गाडीत बसण्यापूर्वी बॉनेट उघडायचे, इंजिनातली तेलाची पट्टी ओढून काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवून बघायची आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, “तेल ठीक!”

पुटपुटलेले चालत नाही. “मला नाही, गाडीला ऐकू गेलं पाहिजे,” असे ती बजावते. एका निवृत्त न्यायाधीशांना तिने भर रस्त्यात हे पुन्हा पुन्हा म्हणायला लावले होते. न्यायसंस्थेकडून मला मिळालेला आनंद म्हणावा तर तेवढाच.

अशा बाईच्या गाडीचे इंजिन गेले.

त्या सकाळी गाडी एक परिचारिका चालवत होती. चढावर डब्यात चमचे घालून खळखळवावे तसा आवाज झाला आणि गाडी जागीच थांबली. ती पोरगी रडायलाच लागली.

“बाई, मी मारलं का हो हिला?”

“तू काय मारतेस! रोज माणसं जगवतेस. उतर, आधी पाणी पी.”

सर्व्हिस सेंटरने निदान केले: इंजिनातली टायमिंग चेन सैल पडून निसटली आणि आतल्या भागांचा चुराडा झाला; इंजिन जवळपास नवेच उभारावे लागेल. वॉरंटी नुकतीच संपली होती. अशा वस्तू वॉरंटीच्या काळात बिघडत नाहीत, एवढे शिष्टाचार त्या पाळतात. खर्चाचा आकडा असा होता, की तो भागवायचा तर गाडी विकावी लागली असती. आणि गाडी विकली तर शाळा कशात भरवायची? ताईने विद्यार्थ्यांची फी परत करायची तयारी केली. मला म्हणाली, “बहुतेक बंद करावी लागेल रे शाळा.” हसत म्हणाली, म्हणूनच ते मला सहन झाले नाही.

मी कंपनीला पत्र लिहिले. चांगले लिहिले, त्यातली कलमे, उपकलमे आणि संताप आजही वाचनीय आहेत. उत्तर आले, की वॉरंटी संपल्यामुळे कंपनी या खर्चाला बांधील नाही. तथापि कंपनीचे विभागीय अधिकारी सर्व्हिस सेंटरला भेट देणार असून ग्राहकास त्यांना भेटता येईल. ताईने चष्मा लावून ते वाचले.

“बांधील नाही म्हणतायत. देणार नाही असं कुठे म्हणतायत?”

“ताई, सभ्य भाषेत ते एकच असतं.”

“तुझ्या सभ्य भाषेत. जाऊन मागून तरी बघू.”

“मागायचं कशाला? हक्काचं आहे ते!”

“मग तुझ्या पत्राला का नाही मिळालं? चल, गाडी काढ. आणि चौकात हळू घे.”

त्या चौकात चटईचे भोक आणखी मोठे झाले.

साहेबांची खोली काचेची होती. बाहेरचे आवार, तयार होऊन उभ्या असलेल्या गाड्या, किल्ल्या घ्यायला आलेली माणसे, सगळे आतून दिसत होते. साहेब अतिशय सौजन्यशील निघाले, म्हणजे माझ्या मते सर्वांत घातक प्रकार. त्यांनी चहा मागवला आणि मृदू स्वरात समजावले, की ही चेन तेलाच्या जिवावर चालते. “शिकवणीची गाडी, बाई. रोज नवे हात. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये तेल उतरतं आणि कोणी बघत नाही. मग कंपनीनं भार का उचलायचा, तुम्हीच सांगा.”

“आम्ही रोज बघतो,” ताई म्हणाली.

“असं सगळेच म्हणतात हो.”

इथे माझा संयम सुटला. माझ्या बहिणीला खोटे ठरवण्याचा अधिकार त्यांना कोणत्या नियमाने प्राप्त झाला, असे मी विचारले; त्यांच्या सौजन्याचे यथोचित वर्णन केले; आणि आता न्यायालयातच भेटू असे बजावून इतक्या वेगाने उठलो, की खुर्ची मागे पडली.

“अरे, चहा तरी संपव!” ताई म्हणाली. मी दार आपटले. काचेचे दार मनासारखे आपटता येत नाही, हा आणखी एक अन्याय.

पुढचा भाग मी ताईच्या तोंडून ऐकला आहे, साभिनय आणि अनेकदा.

साहेब काचेतून माझ्याकडे बघत होते. म्हणाले, “तुमच्या भावाची गाडी बंद पडली वाटतं.” कारण मी बॉनेट उघडले होते. मी ते कधी उघडले हे मला विचारू नये. गाडीजवळ गेल्यावर माझे हात मला विचारत नाहीत. त्यांनी पट्टी ओढली, निळ्या फडक्याने पुसली, बुडवली, वर धरली. आणि पोटात राग ठासून भरलेला असल्यामुळे मी असा काही गरजलो, की काच थरथरली म्हणे: “तेल ठीक!”

आवाराच्या दुसऱ्या टोकाला एक लठ्ठ बेकरीवाला आपली गाडी घ्यायला आला होता. त्याचेही डोके बॉनेटमध्ये होते आणि हातात निळा फडका. माझ्या आवाजाला प्रतिध्वनी यावा तसा तोही ओरडला: “तेल ठीक!”

“हा काय प्रकार आहे?” साहेबांनी विचारले.

चहाचे कप न्यायला आलेली स्वागतकक्षातली बाई हसू दाबत म्हणाली, “साहेब, ही ब्रेकबाईंची माणसं. किल्ली हातात पडली की आधी बॉनेट उघडणार. आम्ही आत्ता तेल बदललेलं असलं तरी! आधी राग यायचा, वाटायचं आमच्यावर विश्वास नाही. आता मेकॅनिक लोक लांबूनच ओळखतात, हा ओरडणार.”

साहेब ताईकडे वळले. “म्हणजे तुम्ही खरंच रोज...”

“रोज नाही, दर धड्याला,” ताई म्हणाली. “माझा भाऊ जगात कोणाचं ऐकत नाही, साहेब. त्याला शिकवून कितीतरी वर्षं झाली. आत्ता तुमच्याशी भांडून गेला, तरी पट्टी पुसल्याशिवाय त्याची गाडी हलली का? मग माझी कशी हलेल?”

साहेब आधी ओठ दाबून राहिले, मग खो खो हसले. त्यांनी मेकॅनिकला बोलावले, त्याच्याकडून जुन्या सर्व्हिसिंगचा खुलासा घेतला आणि ताईसमोरच वर फोन लावला.

इकडे मी गाडीत बसून मनातल्या मनात दुसऱ्या पत्राचा मसुदा तयार करत होतो. ताई शेजारी येऊन बसली.

“इंजिनाचे भाग सगळे कंपनीचे, मजुरी आपली. मजुरी मी देऊ शकते.”

“लेखी दिलं?”

“देतायत. आधी आरसा बघ.”

“म्हणजे माझ्या पत्राचा परिणाम झाला तर!”

“तुझाच झाला रे,” असे म्हणून तिने मला सगळे सांगितले, आणि हसता हसता चटईवर दोन्ही पाय आपटले.

इंजिन आले, गाडी आली. पहिला धडा त्या परिचारिकेचा. बातमी कशी फुटली कोण जाणे, पण जुने-नवे विद्यार्थी रस्त्याच्या कडेने उभे होते. बेकरीवाला पिठाच्या हातांनी, न्यायाधीश काठी टेकत. पोरीने पट्टी पुसून बघितली आणि घाबरत म्हणाली, “तेल ठीक.”

“नवं इंजिन आहे, त्याला सवय नाही,” ताई म्हणाली. “जोरात!”

यावर सगळा रस्ताच ओरडला. न्यायाधीशांचा आवाज वेगळा ओळखू येत होता.

त्या दिवशी मी आयुष्यातले पहिले आभाराचे पत्र लिहिले. ते तक्रारीपेक्षा अवघड निघाले. कलमे पाडता येत नाहीत. कंपनीचे उत्तर लगेच आले: ‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.’

मी ते ताईला दाखवले. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “घे. आता पुन्हा लिहायला कारण मिळालं. खूश?”

होतो. पण तसे तिच्यासमोर मान्य करण्यास मी बांधील नव्हतो.