कंडक्टर आणि धुतलेली दस्ती

कंडक्टर कधी बसत नसत. एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरीसुद्धा ते उभेच असायचे. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. एक हात वर, दाराच्या चौकटीला धरलेला. बोलता बोलता अंग हलकंसं डुलायचं, जणू गाडी आत्ताच घाटातल्या वळणाला लागली आहे. माझ्या दुकानात आले की मी खुर्ची पुढं करायचो. ते खुर्चीकडं बघायचे आणि म्हणायचे, "शेट, ही पाशिंजराची जागा. आपली न्हाई."

माझं माजलगावात कपड्याचं दुकान आहे. ते मला कुणी दिलेलं नाही. धारूरच्या आठवडी बाजारात जमिनीवर चादर अंथरून बनियन-टॉवेल विकण्यापासून मी सुरुवात केली. घासाघीस मी पोटासाठी शिकलो आणि पुढं तिची गोडी लागली. कंडक्टर पहिल्यांदा आले ते शर्यतीसाठी टी-शर्ट घ्यायला. मी नेहमीप्रमाणे चढा भाव सांगितला. त्यांनी पाडून मागावं, मी थोडं उतरावं, असा आपला रिवाज. ते नुसतं "बरं" म्हणाले. माझा पहिला भाव तोवर कुणी मान्य केला नव्हता. मला राग आला. म्हटलं, "अहो, मागून तरी बघा." तर म्हणतात, "तिकिटाला घासाघीस नसती, शेट." शेवटी मीच माझा भाव खाली आणला. त्यांच्यापुढं मी हरलो तो हा पहिला सौदा.

शर्यत कसली, हे मी नंतर विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. बालाघाटातल्या गावांतून त्यांनी तीस वर्षं गाडी नेली. गावात कुणाचा बाप किंवा आई वारली की तेरावं उरकल्यावर एखादं पोर गाडीत बसवून द्यायचे. हातात पिशवी, हाफ तिकीट, आणि कंडक्टरला सांगणं की याला मामाच्या गावी उतरवून द्या. त्या पोराला ते आपल्या शेजारच्या सीटवर घ्यायचे. एकदा एका मुलीला घ्यायला फाट्यावर कुणी आलंच नाही. त्यांनी गाडी थांबवून धरली. पाशिंजर ओरडायला लागले, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, आणि ती मुलगी म्हणाली, "जाऊ द्या गाडी, मी बसते इथं." हे सांगताना कंडक्टरचा आवाज वर गेला नाही की खाली आला नाही. पुढचा थांबा सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं.

निवृत्तीनंतर त्यांना घरात उभं राहून कंटाळा आला, म्हणून पळायला लागले. खाकी पँटवर, कॅनव्हासचे बूट घालून. लोक हसले. मग त्यांनी त्या पळण्याला कामाला लावलं. वर्षातून एकदा, थंडीत, घाटाच्या पायथ्यापासून धारूरच्या किल्ल्यापर्यंत शर्यत. पळणाऱ्यांच्या वर्गणीतून अशा पोरांच्या फिया, वह्या, बूट. आणि महिन्यातून एक रविवार ती पोरं त्यांच्या घरी. तिथं कुणी समजूत घालत नसे. त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, भजी तळायच्या आणि पोरं कॅरम खेळायची. एखादं आपल्या पाळीला रडायला लागलं तर त्याचं रडून होईपर्यंत बाकीची खेळ थांबवून धरायची.

शर्यतीची रीत मात्र त्यांनी स्वतः काढलेली होती. पळणाऱ्याला नंबर नसे, तिकीट असे. त्यावर तीन ओळी: पोराचं नाव, गेलेल्या माणसाचं नाव, पळणाऱ्याचं नाव. शर्यतीच्या आठ दिवस आधी ते पोर पळणाऱ्याच्या हातात गेलेल्या माणसाची एखादी वस्तू द्यायचं. चष्मा, बांगडी, रेशनकार्डाचं पाकीट, काहीही. ती आठ दिवस घरात ठेवायची आणि शर्यतीत अंगावर घेऊन पळायचं. पोर वर किल्ल्याच्या पायऱ्यांवर बसलेलं असायचं. पळणाऱ्यानं वस्तू त्याच्या हातात द्यायची आणि वाटेत काय काय दिसलं ते सांगायचं. मग पोर कंडक्टरच्या जुन्या चिमट्यानं तिकिटाला भोक पाडायचं. संपलं. "धीर धर म्हणायचं न्हाई," कंडक्टर सगळ्यांना बजावायचे. "रडू नको म्हणायचं न्हाई. काय दिसलं ते सांगा आन् बाजूला व्हा."

एवढं सगळं सांगितलं त्यांनी. एक गोष्ट सांगितली नाही.

त्या वर्षी मीही पळायचं ठरवलं. माझ्या तिकिटावर सोनालीचं नाव होतं. नऊ वर्षांची. बाप उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता, तेलगावच्या रस्त्यावर अपघातात गेला. तिनं मला त्याची दस्ती दिली, खांद्यावरचा मोठा रुमाल. निळ्या काठाची, मळून काळी झालेली, एका टोकाला बिडीनं जळालेलं भोक. डिझेलचा, घामाचा आणि तंबाखूचा वास येत होता. मी कापडातला माणूस. असलं कळकट कापड चारचौघांत घेऊन कसं पळायचं? मी ती दोनदा धुवून घेतली, खळ लावली, इस्त्री केली. दुकानाच्या नव्या पिशवीत ठेवली. मला वाटलं, पोरगी खूश होईल.

धापा टाकत वर पोचलो. दस्ती तिच्या हातात दिली. तिनं ती नाकाला लावली. नीट घडी घातली आणि मला परत दिली. म्हणाली, "ही आमच्या पप्पांची न्हाई."

मी म्हटलं, हीच आहे. ती म्हणाली, न्हाई. मग मी जे केलं ते आजही लिहायला जड जातं. मी तिच्याशी घासाघीस केली. निळा काठ दाखवला, बिडीचं भोक दाखवलं, हे बघ, हे बघ म्हटलं. आवाज चढला. सगळी पोरं बघत होती. ती नुसती मान हलवत राहिली. कंडक्टर आले, दस्ती तिच्याजवळ ठेवली, माझ्या हातातलं तिकीट काढून घेतलं, भोक न पाडता खिशात घातलं.

"शेट, पुढच्या साली पळू नका."

"तुम्ही सांगितलं नव्हतं धुवू नका म्हणून."

"सांगाया लागतं का?" ते म्हणाले. "कापडातलं तर आमच्यापेक्षा तुमालाच जास्त कळतं."

हा राग मी नऊ वर्षं सांभाळला. अजूनही पूर्ण गेलेला नाही. चूक माझी होती, मान्य. पण न सांगितलेल्या नियमाची शिक्षा एवढी लांब? दर वर्षी मी विचारायचो, यंदा पळू का? ते म्हणायचे, "टी-शर्ट द्या." मी चिडून भाव वाढवला, त्यांनी "बरं" म्हटलं. मी आणखी चिडून भाव पाडला, तरी "बरं" म्हटलं. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? घाटाच्या पायथ्याशी केळी वाटत मी उभा राहायचो आणि पळणाऱ्यांच्या पाठी बघायचो. सोनाली पायऱ्यांवरून उठून पळणाऱ्यांत आली, तेव्हाही मी केळीच वाटत होतो.

एकदा दुकानात चार माणसं चहाला बसली होती, कंडक्टर अर्थातच उभे. मी माझी ठरलेली गोष्ट सांगत होतो, आयुष्यातल्या पहिल्या सौद्याची. मी आठ वर्षांचा होतो. बाप वारल्यावर महिनाभरानं दारात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली. आईनं बापाचे कपडे काढले. दोन धोतरं, तीन सदरे, एक कोट. ती बाई छोटी वाटी द्यायला निघाली. मी मध्ये पडलो. कोटाचं अस्तर उलटून दाखवलं, सदऱ्याची शिवण ओढून दाखवली, आणि वाटीच्या जागी झाकणासकट मोठं पातेलं मिळवलं. आई म्हणाली होती, पोरगं बापापेक्षा हुशार निघालं.

या गोष्टीवर सगळे हसतात. तेव्हाही हसले. कंडक्टर हसले नाहीत. म्हणाले, "वडलांचं नाव काय?"

मी सांगितलं.

"पातेलं हाय का अजून?"

"आहे. माळ्यावर असंल."

"कोट ठेवायचा ना तेवढा," एवढंच ते म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता रस्त्याकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, पुन्हा दस्तीचं उकरून काढतायत. मी ताडकन बोललो, "आमच्यासाठी कुणी पळालं नव्हतं, कंडक्टर. पातेल्यात भात शिजत होता. कोट शिजला नसता." ते "बरं" म्हणाले आणि गेले.

गेल्या दिवाळीनंतर कंडक्टर वारले. सकाळी पळून आले, चौकटीला हात लावून उभे राहिले, आणि तिथंच खाली घसरले. मी गेलो तेव्हा त्यांना पहिल्यांदाच आडवं पाहिलं. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. टी-शर्टांची ऑर्डर आता कुणाला विचारायची, एवढाच विचार डोक्यात होता. घरी येऊन जेवलो. मीठ कमी होतं, तेही कळलं.

तेराव्यानंतर वहिनी दुकानात आल्या. त्यांच्या हातात कंडक्टरची तिकिटांची जुनी पत्र्याची पेटी होती. तिच्यातून एक तिकीट काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं. पोराच्या जागी माझं नाव. गेलेल्या माणसाच्या जागी माझ्या बापाचं. पळणाऱ्याच्या जागी कंडक्टरचं स्वतःचं. मागं पेन्सिलीनं लिहिलेलं: पातेलं.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "वैनी, हे काय? मी बावन्न वर्षांचा माणूस. पोरांत बसू? आणि हे द्यायचं होतं तर जिवंतपणी का नाही दिलं? मी दर वर्षी विचारत होतो, काय विचारत होतो आणि हे काय लिहीत बसले होते?"

"मला काय म्हाईत," वहिनी म्हणाल्या. "लिवून ठिवलं व्हतं, मी दिलं. दोन-तीनदा खिशात घालून तुमच्याकडं आल्ते. म्हणायचे, शेट आज तापलेत, उद्या देतो."

त्या गेल्या. मी तिकीट गल्ल्यात टाकलं.

चार दिवसांनी सोनाली आली. आता ती अंबाजोगाईला कॉलेजात असते आणि शर्यतीची वह्या-तिकिटं तीच बघते. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाली, "काका, पातेलं द्या. कंडक्टर आजोबांच्या जागी मी पळणार हाय."

"जड आहे."

"असू द्या. आठ दिवस ठेवावं लागतं, आजच न्यावं लागंल."

मी माळ्यावरून पातेलं काढून आणलं. पुसायला फडकं उचललं आणि हात थांबला. तसंच दिलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं. "त्या दस्तीचं," मी म्हटलं, "मी तेव्हा…"

"ती हाय की अजून," ती म्हणाली. "आता तिला आमच्या पेटीचा वास येतो." आणि पातेलं काखेत मारून निघून गेली.

शर्यतीच्या दिवशी मी किल्ल्याच्या पायऱ्यांवर बसलो. आजूबाजूला आठ-दहा वर्षांची पोरं. शेजारच्या मुलीनं मला वर-खाली बघितलं.

"तुमचं कोण गेलंय?"

"बाप."

"कधी?"

"मी तुझ्याएवढा होतो."

तिनं थोडा विचार केला आणि मला पाय पसरायला जागा करून दिली.

सोनाली शेवटच्या लोकांत आली. पातेलं ओढणीनं पाठीला बांधलं होतं, झाकण आतल्या आत वाजत होतं. लोक हसत होते. तिनं गाठ सोडून ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि श्वास घेत घेत सांगायला लागली. दुसऱ्या वळणाला शेळ्या आडव्या आल्या. एका टेम्पोचं टायर बसलं होतं, ड्रायव्हर सावलीत कलिंगड खात होता, तिलाही एक फोड दिली. वरच्या मारुतीपाशी एक म्हातारी पातेलं बघून म्हणाली, लग्न कुणाचं हाय गं? आणि घाट संपताना वारा झाकणात शिरून वाजत होता, म्हणून ती तिथं थोडं थांबली.

एवढं सांगून ती बाजूला झाली. धीर धरा म्हणाली नाही. मी चिमटा दाबला. तिकिटाला भोक पडलं. मला काही वाटलं नाही, असंच मी म्हणेन. फक्त पातेल्याच्या कडेला, जिथं मी लहानपणी बोट फिरवून त्या भांडीवाल्या बाईला पोचा दाखवला होता, तिथं बोट आपोआप गेलं.

घरी आलो. बायकोनं धुळीनं भरलेलं पातेलं बघितलं आणि मोरीकडं नेलं. मी म्हटलं, "घासू नको."

"कावून?"

सांगायला लागतं का, हे अगदी तोंडाशी आलं होतं. मग मी दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिलो आणि तिला सांगायला लागलो. कोटापासून सगळं.